फाटकी जीन आणि कोरी जीन

२०१३ साली जगाच्या दोन टोकांना दोन चित्रपट पडद्यावर आले. लुकास मूडिसन या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘वी आर द बेस्ट!’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ मुंबईच्या महोत्सवात. दोन्ही दिग्दर्शकांना एकमेकांची खबर असायचं काही कारण नव्हतं. तरी दोन्ही चित्रपटांच्या मधोमध शाळेत जाणारं, मिसरूड अजून न फुटलेल्या वयाचं पोर उभं आहे आणि त्याचा हट्ट एकच आहे: माझ्या अंगावर काय असावं ते मी ठरवीन. स्टॉकहोमच्या पोरी त्यासाठी केस वेडेवाकडे कापतात, विटके-विजोड कपडे घालतात. ‘फँड्री’तला अकोळनेर गावचा जब्या त्यासाठी कोरी करकरीत जीन मागतो.

या प्रकरणात मला एवढ्याच फरकाबद्दल लिहायचं आहे. बंडाचा वेश सगळीकडे सारखा नसतो. ज्याच्या घरात चांगले कपडे आहेत, त्याने ते फाडले की बंड होतं. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फाटकंच आलं, त्याने इस्त्रीचा सदरा घातला तरी गावाच्या डोळ्यांत खुपतो. जालना, बीड, परभणी या भागातल्या वाचकाला हे पुस्तक वाचून कळायची गरज नाही. त्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आधी पंक म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १९७६-७७च्या सुमाराला लंडनमध्ये कामधंदा नसलेल्या, शाळा सुटलेल्या पोरांची एक लाट आली. त्याआधी न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत तिची सुरुवात झाली होती. त्या काळचं रॉक संगीत फार श्रीमंत झालं होतं. वाजवणारे मोठे उस्ताद, गाणी दहा-दहा मिनिटांची, तिकिटं महाग. या पोरांनी ठरवलं की गिटारचे तीन कॉर्ड आले की पुरे, आपण बँड काढू. सेक्स पिस्टल्स हे त्यातलं सगळ्यांत बदनाम नाव. राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९७७ मध्ये इंग्लंडभर उत्सव चालला होता, आणि ऐन त्याच वेळी या बँडने राणीवरच गाणं काढलं. बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, तरी रेकॉर्ड हातोहात खपली. कपड्यांना सेफ्टी पिना, गळ्यात कुत्र्याचा पट्टा, डोक्यावर तुऱ्यासारखे उभे रंगीत केस. ज्या वस्तू घरात कुणाच्या लक्षातही येत नाहीत, त्याच अंगावर अशा मिरवायच्या की शेजारपाजारच्यांना धक्का बसला पाहिजे. डिक हेब्डिज या अभ्यासकाने १९७९ साली यावर एक पुस्तक लिहिलं. वेशभूषा हीच या पोरांची भाषा आहे, असं त्याने त्यात मांडलं. आणखी एक गोष्ट त्याने तेव्हाच हेरली होती: बाजार ही भाषा फार लवकर शिकतो. आज कुठल्याही मॉलमध्ये गुडघ्यावर फाडलेली जीन साध्या जीनपेक्षा महाग मिळते, यावरून त्याचं म्हणणं किती खरं ठरलं ते दिसतं.

पंकची आणखी एक खूण म्हणजे हाताने काढलेली, झेरॉक्स केलेली अनियतकालिकं. इथे मराठी माणसाने जरा थांबावं. लंडनच्या पोरांना ही कल्पना सुचण्याच्या कितीतरी आधी, साठीच्या दशकात, मुंबईत सायक्लोस्टाइल करून लघुनियतकालिकं निघत होती. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत ना, मग आम्हीच छापतो, हा तोच बाणा. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून घेतलेलं नाव, पांढरपेशा वाचकाला न पेलणारी भाषा आणि रस्त्यावर उतरलेली पंचविशीच्या आतबाहेरची पोरं. पंकशी याची तुलना मी फार ताणणार नाही, कारण पँथरच्या पोरांच्या मागे गावोगावचे अत्याचार होते. तिथे लंडनच्या पोरांसारख्या कंटाळ्याला जागाच नव्हती. पण तारुण्याचं बंड ही पश्चिमेकडून आलेली फॅशन आहे, असं जे आपल्याकडे सहज बोललं जातं, ते साफ चुकीचं आहे.

आता मूडिसनच्या चित्रपटाकडे येऊ. काळ १९८२चा. बोबो आणि क्लारा या तेरा वर्षांच्या दोन मैत्रिणी. बोबोचे केस आखूड, डोळ्यांवर गोल चष्मा. क्लाराने मोहॉक ठेवलेला. शाळेत सगळे त्यांना सांगतात की पंक कधीच मेलं, आता दुसरं संगीत आलंय. त्या ऐकत नाहीत. मोहल्ल्यातल्या युवक केंद्रात सरावाची एक खोली आहे. तिथे मोठ्या मुलांचा एक बँड कान फुटेस्तोवर वाजवतो आणि वर या पोरींना हिणवतो. वेळ नोंदवायच्या वहीत त्या मुलांनी नाव लिहिलेलं नसतं. पोरी आपलं नाव लिहितात आणि खोली ताब्यात घेतात. वाजवता काहीच येत नाही. तरी गाणं रचतात, आणि ते रचतात खेळाच्या तासावर, कारण पीटीच्या शिक्षकांनी पळवून पळवून जीव काढलेला असतो. जगात माणसं मरताहेत आणि तुम्हाला चेंडूचं पडलंय, असा त्या गाण्याचा एकूण रोख. मग त्यांना हेडविग भेटते. ती चर्चमध्ये जाणारी, शास्त्रीय गिटार वाजवणारी, शाळेत एकटी पडलेली मुलगी. ती या दोघींना कॉर्ड शिकवते आणि या दोघी तिचे लांब सोनेरी केस कापून टाकतात.

हा चित्रपट मला आवडतो, कारण तो पोरींना कुठेही शहीद करत नाही. त्यांचे आईबाप ठीकठाक माणसं आहेत. घरात जेवण आहे, ऊब आहे, थोडं दुर्लक्ष आहे. केस कापले म्हणून हेडविगची आई जाब विचारते, पण त्या जाबालाही माणुसकी आहे. शेवटी त्या दुसऱ्या गावात जाऊन कार्यक्रम करतात, समोरचे लोक शिव्या घालतात, आणि पोरी तिथल्या तिथे गाण्याचे शब्द बदलून त्या गावालाच उलट सुनावतात. गोंधळ माजतो, कार्यक्रम मोडतो आणि परतीच्या गाडीत तिघी खूश असतात. हरण्याची किंमत एवढीच. बंड करून घरी परत येता येतं, ही त्या समाजाची खरी श्रीमंती आहे. युवक केंद्रात वाद्यं कोणाची? सार्वजनिक. खोली कोणाची? सार्वजनिक. वहीत नाव लिहिलं की ती तुमची.

अकोळनेरमध्ये अशी वही नाही.

‘फँड्री’मधला जब्या, म्हणजे जांबुवंत कचरू माने, कैकाडी समाजातला. घर गावाबाहेर. बाप कचरू पडेल ते काम करतो, आणि डुकरं धरायची वेळ आली की गाव त्यालाच हाक मारतं. जब्या शाळेत जातो, शाळेतल्याच शालूवर त्याचं मन जडलंय, पण तिच्याशी एक शब्द बोलायची त्याची छाती होत नाही. तो चेहऱ्याला पावडर लावतो. नाक सरळ व्हावं म्हणून त्याला चिमटा लावतो. दुकानात टांगलेल्या जीनकडे बघत राहतो आणि ती घेता यावी म्हणून सायकलवर बर्फाच्या कांड्या विकतो. ती सायकलही ट्रकखाली चिरडली जाते. मित्र पिऱ्याला घेऊन माळावर काळी चिमणी शोधत हिंडतो, कारण तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, असं त्याला सांगितलं गेलंय.

वरवर पाहिलं तर यात बंड कुठे आहे? पोरगा चारचौघांसारखं दिसू पाहतोय, एवढंच. पण त्या गावात चारचौघांसारखं दिसणं हीच आगळीक आहे. बोबो-क्लाराला आपण वेगळ्या आहोत हे जगाला ओरडून सांगायचं असतं. जब्याला जगाने जन्मापासून वेगळं काढलेलं आहे, त्याला फक्त ते पुसायचं आहे. म्हणून त्याची कोरी जीन आणि पंकची फाटकी जीन एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोन्हींत पोर म्हणतं की तुम्ही मला दिलेला वेश मी घालणार नाही.

जत्रेचा प्रसंग आठवून पाहा. पालखी, ढोल, गुलाल. जब्याने ठेवणीतले कपडे घातलेत, शालू बघतेय, तो गर्दीत नाचतोय. नाचताना त्याच्या अंगावरचं सगळं ओझं उतरलेलं दिसतं. तेवढ्यात बाप हाक मारतो आणि डोक्यावर गॅसबत्ती घेऊन उभं राहायला सांगतो. बापाचंही चालत नाही. वरून हुकूम आलेला असतो. पोरगा बत्ती धरून उभा राहतो, त्याच उजेडात बाकीचे नाचतात, आणि त्याचा चेहरा त्याच उजेडात सगळ्यांना दिसत राहतो. चित्रपटाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो, त्यापेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. सणाचा उजेड कोणाच्या डोक्यावरून येतो, याचं इतकं साधं उत्तर मराठी पडद्यावर याआधी मी पाहिलं नव्हतं.

नंतर डुकराचा पाठलाग येतो. अख्खं कुटुंब डुकरामागे धावतंय, शाळेतली पोरं मजा बघताहेत, कुणी मोबाइलवर फोटो काढतंय. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचेही उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा दिसतात. आणि मग जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. या दगडाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यात एक गोष्ट निसटते असं मला वाटतं. तो दगड येईपर्यंत या पोराने तास-दीड तास दुसरे सगळे मार्ग करून पाहिलेले असतात: कष्ट, शाळा, प्रेम, पावडर, अंधश्रद्धासुद्धा. हिंसा त्याची पहिली निवड नव्हती.

जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केमचा, हलगी वाजवणारा मुलगा. त्याला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मंजुळे यांना पदार्पणाच्या चित्रपटाचा. चित्रपट सगळीकडे प्रदर्शित झाला तो १४ फेब्रुवारी २०१४ला, प्रेमाच्या दिवशी. हा मुहूर्तसुद्धा विचारपूर्वक धरलेला वाटतो.

मंजुळे यांचाच ‘झुंड’ (२०२२) या विषयाच्या आणखी जवळ जातो. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, शेजारी कॉलेज, मध्ये भिंत. विजय बारसे यांनी तिथल्या मुलांना घेऊन फुटबॉलचं जे काम उभं केलं, त्यावर हा चित्रपट बेतलेला आहे. इथल्या पोरांचे केस रंगवलेले, गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर गॉगल. पंकचं नावही त्यांनी ऐकलेलं नसेल, पण रस्त्याने जाताना लोकांनी वळून पाहिलं पाहिजे, ही इच्छा तीच. त्यांना पाहून पोलीस आणि कॉलेजचा वॉचमन जे समजायचं ते समजून घेतात. पासपोर्ट काढायची वेळ येते तेव्हा कळतं की काहींकडे आपण कोण आहोत हे सिद्ध करणारा कागदच नाही. कागदाने ओळख दिली नाही, म्हणून केसांनी द्यायची. सलूनमध्ये फोटो दाखवून ‘असाच कट मार’ म्हणणाऱ्या पोराकडे आपण तुच्छतेने पाहतो, तेव्हा हे लक्षात ठेवलं पाहिजे.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. शेन मेडोजचा ‘धिस इज इंग्लंड’ (२००६) ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती ठाऊक आहे. साल १९८३. शॉन नावाचा बारा वर्षांचा पोरगा. बाप फॉकलंडच्या युद्धात गेलेला. शाळेत मार खाणाऱ्या या पोराला स्किनहेड मुलांची टोळी जवळ करते. डोकं भादरून देतात, शर्ट देतात, बूट येतात. पोराला पहिल्यांदा घर मिळाल्यासारखं होतं. मग तुरुंगातून सुटलेला एक मोठा माणूस टोळीत येतो आणि तोच वेश, तीच मैत्री परक्यांच्या द्वेषाकडे वळवतो. पोराला काही कळायच्या आत तो दुकानदाराला शिव्या घालू लागलेला असतो. आपलेपणाची भूक आधी, विचार नंतर. आणि ही भूक भागवणारा जो कोणी भेटेल त्याचा विचार पोर उचलतं.

जालन्याच्या चौकाचौकांत हेच आपल्या रंगांत दिसतं. ग्रुपची नावं, वाढदिवसाचे फ्लेक्स, जयंतीची मिरवणूक, डीजेच्या भिंती, कपाळाला गंध किंवा गळ्यात निळा रुमाल. ही आपल्या पोरांची उपसंस्कृती आहे. तिच्यात जोम आहे, वर्गणी गोळा करण्यापासून रात्रभर राबण्यापर्यंत कष्ट आहेत, आणि एखाद्या ‘भाऊ’ने वापरून घ्यावी इतका भाबडेपणाही आहे. मराठवाड्याने याची जबर किंमत एकदा मोजली आहे. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि गावागावांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता. आजचे तालुके औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत होते. जिल्हा झाला १ मे १९८१ला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या वर्षांत एक पिढी वयात आली. तिच्यातली काही पोरं मोर्चात होती, काही समोरच्या बाजूला दगड घेऊन उभी होती.

म्हणूनच याच जिल्ह्यातून २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक उभं राहिलं, याचं मोल मला फार वाटतं. लेखक राजकुमार तांगडे घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे, शेती करणारे. त्याआधी त्यांनी ‘आकडा’ हे नाटक लिहिलं होतं, तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्या गावाचं. ‘शिवाजी अंडरग्राउंड’ची कल्पना, गाणी आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि नटसंचात जालना जिल्ह्यातली, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घरांतली तरुण पोरं. पुढे चित्रपटांत दिसलेले कैलास वाघमारे त्यातलेच. नाटकात यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचा विचार काही त्याच्या हाती लागत नाही. मग महाराजांचा टोप नेमका कोणाच्या डोक्यावर बसतो, ते शोधत त्याला आजच्या महाराष्ट्रात फिरावं लागतं. शोधत शोधत तो भीमनगर मोहल्ल्यात पोहोचतो. शेवटी दोन गट समोरासमोर येतात आणि भांडण होतं ते गाण्यांतून, शाहिरी सवाल-जवाबातून.

ज्या विषयावर चौकात डोकी फुटतात, तो विषय या पोरांनी रंगमंचावर नेला आणि डफावर वाजवला. पोशाख साधे, भाषा जालन्याची, तोंडवळा शेतातल्या उन्हाचा. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत ही बोली जशीच्या तशी ऐकू आली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. वाजवायला तीन कॉर्ड पुरेत म्हणणाऱ्या लंडनच्या पोरांचं आणि या पोरांचं नातं मला इथे दिसतं. परवानगी मागायची नाही, आपल्याकडे आहे तेवढ्यावर उभं राहायचं, आणि जे बोलायचं ते आपल्या तोंडच्या भाषेत. मूडिसनच्या पोरींपेक्षा यांचं काम अवघडही होतं, कारण समोर चिडवणारी चार पोरं नव्हती, अख्ख्या महाराष्ट्राची हळवी जागा होती.

आणि जांबसमर्थ हे गाव मुळात कशासाठी ओळखलं जातं? १६०८ साली ठोसरांच्या घरात जन्मलेल्या नारायणासाठी, म्हणजे समर्थ रामदासांसाठी. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच हा मुलगा मांडवातून पळाला आणि नाशिकजवळ जाऊन राहिला. ही कथा आपण आजीच्या तोंडून ऐकली, कीर्तनात ऐकली, पाठ्यपुस्तकात वाचली. बारा वर्षांच्या पोराने घरच्यांचा, भटजींचा, जमलेल्या सगळ्या वऱ्हाडाचा शब्द मोडला, आणि आपण त्याला वंदन करतो. चारशे वर्षांपूर्वीच्या पोराला ही मोकळीक देणारं गाव आजच्या पोराने केस रंगवले की ‘वाया गेलं’ म्हणून मोकळं होतं. हा न्याय बरा नव्हे.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. प्रत्येक तालुक्याच्या गावी संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी एक खोली असावी. तिथे एक हलगी, एक ढोलकी, जमल्यास एक गिटार, आणि नाव लिहायला एक वही. जात, पक्ष, मंडळ न विचारता ज्याने आधी नाव लिहिलं त्याला ती खोली मिळावी, मुलींसाठी वेगळे दिवस राखून ठेवावेत आणि आत काय वाजतंय यावर मोठ्यांनी पहारा ठेवू नये. याला फार पैसा लागत नाही. बाजार समितीचं रिकामं गोदाम किंवा शाळेचा शनिवार-रविवारी बंद असणारा वर्ग पुरतो. ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत, त्या मुख्याध्यापकांनी, सरपंचांनी, नगरसेवकांनी हे मनावर घ्यावं. आणि त्या खोलीत पहिल्या शनिवारी पोरांना ‘फँड्री’ दाखवावा, मधे कुठेही न थांबवता, शेवटच्या दगडापर्यंत.